सहावी ते आठवीच्या विज्ञानाची उजळणी: व्याख्येच्या आधी प्रश्न

धागाकर्ता

सहावी ते आठवीच्या विज्ञानाची उजळणी बहुतेक वेळा एकाच क्रमाने होते. धडा उघडायचा, व्याख्या म्हणून घ्यायच्या, रिकाम्या जागा भरायच्या आणि पुढच्या धड्याकडे वळायचे. या पद्धतीने गुण मिळतात, हे मान्य आहे. परंतु काही महिन्यांनी त्याच मुलाला ‘उन्हाळा का येतो?’ असे विचारले, की ‘पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून’ असे उत्तर येते, आणि परिवलन व परिभ्रमण यांच्या व्याख्याही तेच मूल एका दमात बिनचूक सांगते. व्याख्येने जुन्या समजुतीला धक्काही लावलेला नसतो. दोन्ही गोष्टी मनात शेजारी शेजारी नांदत असतात. म्हणून माझे म्हणणे असे आहे, की उजळणीची सुरुवात अशा प्रश्नाने करावी, ज्याचे उत्तर जुन्या समजुतीने दिले तर ते उघडउघड खोटे ठरेल. व्याख्या त्यानंतर यावी. दोन विषय मी मांडतो. पृथ्वी, बल, उष्णता, दाब यांपैकी आपापल्या आवडीचा विषय सदस्यांनी याच रीतीने मांडावा, ही विनंती.

पहिला विषय ऋतूंचा. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार आहे, त्यामुळे सूर्यापासूनचे अंतर वर्षभरात बदलते, इथपर्यंत मुलांचे बरोबर असते. आता प्रश्न असा विचारावा: अंतरामुळे ऋतू होत असतील, तर उत्तर गोलार्धात हिवाळा असताना दक्षिण गोलार्धात उन्हाळा कसा? दोन्ही गोलार्ध एकाच पृथ्वीचे आहेत आणि सूर्यापासूनचे त्यांचे अंतर जवळजवळ सारखेच आहे. शिवाय पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर; आणि सर्वांत दूर असते ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. उत्तर गोलार्धातले गणित नेमके उलटे निघते.

खरे कारण पृथ्वीच्या अक्षाचा सुमारे २३.५ अंशांचा कल हे आहे, आणि हे वाक्य पाठ असलेली मुलेही ‘मग कललेला भाग सूर्याच्या जवळ जातो’ असा अर्थ लावून पुन्हा अंतराकडेच घसरतात. तिथे आकडे पुढे ठेवावेत. ४५ अंश उत्तर अक्षांशावर २१ जूनच्या सुमारास दुपारचा सूर्य क्षितिजापासून ६८.५ अंश उंचीवर असतो, तर २२ डिसेंबरच्या सुमारास केवळ २१.५ अंश. तिरके किरण तेवढीच ऊर्जा अधिक जमिनीवर पसरवतात, त्यामुळे जूनमधील दुपारी प्रत्येक चौरस मीटर जमिनीला डिसेंबरच्या सुमारे अडीच पट ऊर्जा मिळते. त्यात जूनमधील दिवस साडेपंधरा तासांचा आणि डिसेंबरमधील पावणेनऊ तासांचा. अंतरातील फरकाने मात्र सूर्याकडून मिळणाऱ्या ऊर्जेत सुमारे ७ टक्क्यांचाच बदल होतो. अडीच पट आणि ७ टक्के हे दोन आकडे शेजारी ठेवले, की कोणते कारण मुख्य हे मुले स्वतःच सांगतात.

दुसरा विषय चंद्रकलांचा. ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून चंद्र अर्धा दिसतो’ ही समजूत फार चिवट आहे. शुक्ल अष्टमीच्या आसपास दुपारनंतर आकाशात सूर्य आणि अर्धा चंद्र दोन्ही एकाच वेळी दिसतात. त्या वेळी विचारावे, की पृथ्वीची सावली कोणत्या दिशेला पडलेली असेल? सूर्याच्या विरुद्ध दिशेला; चंद्र तर तिथे नाहीच. चंद्राचा अर्धा भाग नेहमीच उजळलेला असतो, आणि त्यातला किती भाग आपल्याला दिसतो यावरून कला ठरते. सावलीचा संबंध फक्त ग्रहणाशी आहे.

मग लगेच येणारा प्रश्न असतो, की दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही. पुस्तकातील आकृतीत पृथ्वी आणि चंद्र इतके जवळ काढलेले असतात, की त्या आकृतीवरून उत्तर मिळणेच शक्य नसते. १ सेंटीमीटर म्हणजे १,००० किलोमीटर असे प्रमाण घ्यावे. पृथ्वी सुमारे १२.७ सेंटीमीटर व्यासाचा चेंडू होते, चंद्र साडेतीन सेंटीमीटरचा, आणि दोघांमधील अंतर ३ मीटर ८४ सेंटीमीटर. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, म्हणजे या प्रतिकृतीत चंद्र जास्तीत जास्त ३३ सेंटीमीटर वर किंवा खाली जातो. तितक्या अंतरावर पृथ्वीची दाट सावली जेमतेम ९ सेंटीमीटर रुंद उरते. चंद्र बहुतेक पौर्णिमांना तिच्या वरून किंवा खालून का निसटतो, हे जमिनीवर दोन चेंडू मांडून सहज दाखवता येते. (याच प्रमाणात सूर्य १४ मीटर व्यासाचा आणि दीड किलोमीटर दूर येतो. तो मांडता येत नाही, पण मुलांना सांगावा जरूर.)

प्रतिसाद १ : भौतिकशास्त्राच्या शिक्षिका

धागा आवडला. मी वस्तुमान आणि वजन हा विषय घेते, कारण येथे व्याख्या पाठ असूनही अर्थ हातून सुटतो. ‘वस्तुमान म्हणजे पदार्थातील द्रव्यसंचय, वजन म्हणजे त्यावरील गुरुत्वीय बल’ हे सर्वांना येते. ६० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचे पृथ्वीवरील वजन सुमारे ५८८ न्यूटन असते आणि चंद्रावर ते साधारण एक षष्ठांश, म्हणजे ९८ न्यूटनच्या आसपास होते, हे उदाहरणही सोडवता येते. पण ‘अंतराळ स्थानकातील अंतराळवीर का तरंगतात?’ असे विचारले, की वर्गातील बहुतेक हात ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसते’ हे उत्तर देण्यासाठी वर जातात.

येथे प्रतिप्रश्न असा करावा: गुरुत्वाकर्षण नसेल, तर स्थानक पृथ्वीभोवती का फिरते? ते सरळ रेषेत निघून का जात नाही? आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वीची त्रिज्याच ६,३७१ किलोमीटर असल्यामुळे ४०० किलोमीटर वर जाऊन फारसे काही बदलत नाही. तिथे गुरुत्वीय त्वरण सुमारे ८.७ मीटर प्रति सेकंद वर्ग असते, म्हणजे जमिनीवरील मूल्याच्या जवळजवळ ८९ टक्के. अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि त्यांचे स्थानक एकत्र, एकाच त्वरणाने पडत असतात.

‘पडतात, तर जमिनीवर का येत नाहीत?’ हा पुढचा प्रश्न मुले स्वतःहून विचारतात, आणि माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत सुंदर हिशेब येथे आहे. स्थानकाचा वेग सेकंदाला सुमारे ७.६६ किलोमीटर आहे. एका सेकंदात ते ८.७ च्या निम्मे, म्हणजे साधारण ४.३ मीटर खाली येते. त्याच एका सेकंदात त्याने कापलेल्या ७.६६ किलोमीटरमध्ये पृथ्वीचा गोल पृष्ठभागही ४.३ मीटरच खाली वळलेला असतो. स्थानक सतत पडते आणि जमीन तितकीच सतत दूर होत राहते, त्यामुळे उंची कायम राहते. आठवीच्या मुलाला पायथागोरसचे प्रमेय ठाऊक असते. तेवढ्यावर हा ४.३ मीटरचा आकडा काढता येतो.

जड वस्तू लवकर पडते, ही समजूतही याच प्रकरणात तपासून घ्यावी. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडले आणि दोन्ही एकदमच जमिनीवर टेकले. त्याचे चित्रण उपलब्ध आहे. ते दाखवण्यापूर्वी मुलांकडून अंदाज लिहून घ्यावा, कारण आधी अंदाज बांधलेला नसेल, तर ते दृश्य मजेने पाहिले जाते आणि विसरले जाते.

प्रतिसाद २ : एक पालक

माझी शंका थोडी वेगळी आहे. परीक्षेत शेवटी व्याख्याच लिहावी लागते. प्रश्नांच्या मागे लागून मुलाला शब्द नेमके आले नाहीत, तर त्याचे नुकसान होते. शिवाय ‘उष्णता’ आणि ‘तापमान’ या दोन शब्दांतील फरक व्याख्येवाचून दुसऱ्या कशाने समजणार? मला स्वतःला तो फरक मुलीला समजावून देणे अवघड जाते.

प्रतिसाद ३ : प्रयोगशाळेत काम करणारा वाचक

प्रतिसाद २ मधील चिंता रास्त आहे, आणि व्याख्या टाकून द्याव्यात असे मीही म्हणणार नाही. पण उष्णता आणि तापमान यांचेच उदाहरण घेतले, तर व्याख्येआधी प्रश्न का हवा, हे स्पष्ट होते.

एकाच खोलीत रात्रभर ठेवलेला लोखंडाचा तुकडा आणि लाकडाचा तुकडा सकाळी हातात घ्यायला सांगावा आणि कोणाचे तापमान कमी आहे, असे विचारावे. उत्तर ठरलेले असते: लोखंडाचे. मग तापमापी लावून पाहावी. दोन्हींचे तापमान सारखेच भरते. लोखंड उष्णतेचे सुवाहक असल्यामुळे हाताची उष्णता वेगाने काढून घेते आणि हाताला ते गार लागते. आपल्या त्वचेला दुसऱ्या वस्तूचे तापमान थेट कळत नाही. उष्णता किती वेगाने जाते किंवा येते, त्यावरून तिला गार-गरम वाटते. एवढे पाहिल्यावर ‘तापमान ही पदार्थाची स्थिती सांगणारी राशी आहे आणि उष्णता ही तापमानातील फरकामुळे एका पदार्थाकडून दुसऱ्याकडे जाणारी ऊर्जा आहे’ हे वाक्य समोर ठेवावे. तेच शब्द असतात, पण आता त्यांना धरायला काहीतरी असते.

दुसरा प्रश्न लोकरीच्या कापडाचा. बर्फाचे दोन सारखे खडे घ्यावेत, एक उघडा ठेवावा आणि दुसरा लोकरीत गुंडाळावा. कोणता आधी वितळेल? लोकर उष्णता ‘देते’ अशी समजूत असलेले मूल गुंडाळलेला खडा आधी वितळेल असे सांगते. प्रत्यक्षात उघडा खडा आधी वितळतो, कारण लोकरीत अडकलेली हवा उष्णतेचे वहन मंद करते, मग ती उष्णता आतून बाहेर जाणारी असो की बाहेरून आत येणारी.

आता अवस्थांतर. बर्फ वितळत असताना उष्णता देत राहिलो, तरी तापमान ० अंशावरच थांबते, हे पुस्तकात आलेखासह दिलेले असते आणि मुले आलेख हुबेहूब काढतात. पण ती उष्णता गेली कुठे, असे विचारले, की शांतता पसरते. १ ग्रॅम बर्फ वितळवायला सुमारे ३३४ ज्यूल ऊर्जा लागते. तीच ऊर्जा १ ग्रॅम पाण्याला दिली, तर ते ० अंशापासून जवळजवळ ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. उकळत्या पाण्याची वाफ करायला तर ग्रॅममागे सुमारे २,२६० ज्यूल लागतात, म्हणजे ते पाणी ० पासून १०० अंशांपर्यंत तापवण्यासाठी लागलेल्या ऊर्जेच्या पाचपटीहून अधिक. ही ऊर्जा रेणूंना एकमेकांच्या पकडीतून सोडवण्यात खर्च होते, त्यांची गती वाढवण्यात होत नाही, म्हणून तापमापी हलत नाही. जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने १८ व्या शतकात अप्रकट उष्म्याची कल्पना मांडली, ती याच कोड्यातून. १०० अंशांच्या वाफेचा चटका १०० अंशांच्या पाण्यापेक्षा गंभीर का असतो, याचे उत्तरही मुलांना याच आकड्यांवरून काढता येते.

प्रतिसाद ४ : भूशास्त्राचा अभ्यासक

पृथ्वीच्या अंतरंगाविषयी लिहितो, कारण या विषयातील एक चूक अनेक आकृत्यांमधूनच मुलांच्या मनात शिरते. भूकवचाच्या खाली नारिंगी रंगाचा थर काढलेला असतो आणि मुले तो थर म्हणजे खदखदता शिलारस, असे धरून चालतात. त्यांच्या मनात भूखंड एका द्रव समुद्रावर तरंगत असतात. वस्तुतः प्रावरण, म्हणजे भूकवचापासून सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंतचा भाग, जवळजवळ संपूर्ण घन आहे.

येथे विचारण्याजोगा प्रश्न हा, की तिथे कोणी गेलेले नसताना हे कळले कसे. माणसाने खोदलेले सर्वांत खोल छिद्र रशियातील कोला द्वीपकल्पावर आहे आणि त्याची खोली १२,२६२ मीटर आहे. पृथ्वीच्या त्रिज्येच्या ०.२ टक्केही ती होत नाही. बाकीची माहिती भूकंपाच्या लहरींनी दिली. भूकंपातून दोन प्रकारच्या लहरी पृथ्वीच्या पोटातून जातात. प्राथमिक लहरी दाबाच्या असतात आणि त्या घन, द्रव, वायू अशा सर्व माध्यमांतून जातात. दुय्यम लहरींत कण लहरीच्या दिशेला आडवे हलतात, आणि द्रवाला आकार नसल्यामुळे त्या द्रवातून जाऊ शकत नाहीत. दुय्यम लहरी प्रावरणातून व्यवस्थित पार होतात, म्हणून प्रावरण घन आहे. २,९०० किलोमीटरच्या खाली मात्र त्या जात नाहीत, म्हणून बाह्य गाभा द्रव आहे. रिचर्ड ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये भूकंपलहरींवरून गाभ्याचे अस्तित्व दाखवले, आणि १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी त्या द्रव गाभ्याच्या आत आणखी एक वेगळा गाभा असल्याचे लहरींच्या नोंदींवरून ओळखले. आंतरगाभा सुमारे ५,१५० किलोमीटर खोलीपासून सुरू होतो आणि तो घन आहे. मुलांना ही माणसे आणि त्यांचे तर्क सांगावेत असे मला मनापासून वाटते, कारण थरांची नावे आणि जाडी विसरली, तरी ‘लहर थांबली, म्हणून तिथे द्रव आहे’ हा तर्क विसरला जात नाही.

घन प्रावरण वाहते कसे, ही पुढची अडचण. हिमनदी हे त्याचे उत्तम उदाहरण आहे: तिचा बर्फ घन असतो, हातोडीने फोडता येतो, तरीही स्वतःच्या भाराने तो उतारावरून संथपणे सरकतो. प्रचंड तापमानात आणि दाबाखाली खडकही असाच, पण वर्षाला काही सेंटीमीटर इतक्या मंद गतीने वाहतो.

आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये भूखंडवहनाची कल्पना मांडली. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका यांचे किनारे, दोन्हीकडील सारखे जीवाश्म, सारखे खडक असे पुरावे त्यांच्याकडे होते, पण भूखंड कोणत्या बळाने सरकतात, हे समाधानकारक रीतीने सांगता येईना, म्हणून बहुतेक भूशास्त्रज्ञांनी ती कल्पना स्वीकारली नाही. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेत त्यांचे निधन झाले. समुद्रतळाचे नकाशे तयार झाल्यावर, हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये समुद्रतळ रुंदावतो ही मांडणी केल्यावर आणि पुढील काही वर्षांत समुद्रतळावरील चुंबकीय पट्ट्यांनी तिला दुजोरा दिल्यावर चित्र पालटले. अटलांटिक महासागर वर्षाला साधारण अडीच सेंटीमीटर रुंदावतो. हा वेग मुलांना नगण्य वाटतो, तेव्हा त्याला १ कोटी वर्षांनी गुणायला सांगावे. २५० किलोमीटर होतात.

प्रतिसाद ५ : एक पालक

प्रतिसाद ४ वाचून प्रश्न पडला. प्रावरण घन असेल, तर ज्वालामुखीतून बाहेर पडणारा लाव्हा येतो कुठून? मुलीनेही हेच विचारले आणि मला उत्तर देता आले नाही.

प्रतिसाद ६ : भूशास्त्राचा अभ्यासक

हा प्रश्न अगदी नेमका आहे, आणि मुलीला पडला याचा मला फार आनंद झाला. खडक वितळतो की नाही हे फक्त तापमानावर ठरत नाही, दाबावरही ठरते. खोल प्रावरणातील खडक अतिशय तप्त असतो, पण वरच्या थरांच्या दाबामुळे घन राहतो. मध्य-महासागरी पर्वतरांगांच्या खाली भूपट्ट (पृथ्वीच्या घन बाह्य थराचे सरकणारे मोठे तुकडे) एकमेकांपासून दूर जातात, तेव्हा खालचा तप्त खडक वर येतो, त्याच्यावरील दाब घटतो, आणि तापमान न वाढताही त्याचा काही भाग वितळतो. दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे जिथे समुद्राचा तळ दुसऱ्या भूपट्टाखाली जातो तिथे, त्याच्याबरोबर खाली गेलेले पाणी वरच्या प्रावरणात शिरते आणि खडकाचा वितळणबिंदू कमी करते. पॅसिफिक महासागराच्या कडेने असलेली ज्वालामुखींची रांग मुख्यतः या दुसऱ्या कारणाने आहे. शिलारस अशा निवडक ठिकाणी तयार होतो. सर्वत्र पसरलेला शिलारसाचा थर नाही.

खडकांच्या वर्गीकरणाबद्दल एकच सुचवतो. अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित ही यादी पाठ करून घेण्याऐवजी ग्रॅनाइट आणि बेसाल्ट यांचे तुकडे भिंगाखाली ठेवावेत. ग्रॅनाइटमधले स्फटिक डोळ्यांना दिसतात, कारण तो जमिनीखाली हळूहळू थंड झाला. बेसाल्टमधले बहुधा दिसत नाहीत, कारण तो पृष्ठभागावर लवकर थिजला. खडकाचा इतिहास खडकावरूनच वाचता येतो, हे एकदा पटले, की यादी आपोआप लक्षात राहते.

प्रतिसाद ७ : एक वाचक

भरती-ओहोटीचा उल्लेख अजून झालेला नाही. चंद्र पाणी स्वतःकडे खेचतो, म्हणून चंद्राच्या बाजूला भरती येते, हे मुलांना समजते. विरुद्ध बाजूलाही त्याच वेळी भरती का असते, हे मात्र पुस्तकात ‘केंद्रोत्सारी बलामुळे’ एवढ्यावर उरकलेले पाहिले आहे. ते पुरेसे आहे का?

प्रतिसाद ८ : भौतिकशास्त्राच्या शिक्षिका

केंद्रोत्सारी बलाची मांडणी नीट केली, तर गणित जुळते. पण शाळकरी वयात ती ‘पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून पाणी बाहेर फेकले जाते’ अशी समजली जाते, आणि ते चूक आहे. परिवलनामुळे विषुववृत्त सर्व बाजूंनी सारखेच फुगते. त्याने दोन वेगळे फुगवटे तयार होत नाहीत. मी खेचण्यातील फरकावरून सांगते. चंद्राचे आकर्षण जवळच्या बाजूच्या पाण्यावर सर्वांत जास्त, पृथ्वीच्या मध्यावर त्याहून कमी आणि दूरच्या बाजूच्या पाण्यावर सर्वांत कमी असते. जवळचे पाणी पृथ्वीपेक्षा जास्त खेचले जाते. दूरच्या पाण्यापेक्षा पृथ्वी जास्त खेचली जाते, म्हणून ते पाणी मागे राहते. दोन बाजूंना दोन फुगवटे तयार होतात.

ही समजूत बरोबर आहे का, हे तपासण्यासाठी सूर्याचा प्रश्न विचारावा. पृथ्वीवरील सूर्याचे आकर्षण चंद्राच्या आकर्षणाच्या सुमारे १८० पट आहे. मग भरती मुख्यतः चंद्राची का? कारण भरती फरकावर अवलंबून असते, आणि सूर्य इतका दूर आहे, की पृथ्वीच्या दोन बाजूंवरील त्याच्या आकर्षणात फारच थोडा फरक पडतो. सूर्यामुळे येणारी भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहून थोडी कमी असते. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांचा परिणाम एकत्र येऊन उधाणाची भरती येते, आणि अष्टमीच्या सुमारास तो एकमेकांविरुद्ध जाऊन भांगाची.

दोन भरत्यांमध्ये सरासरी १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. पृथ्वी स्वतःभोवती अर्धी फेरी पूर्ण करते तोवर चंद्रही आपल्या कक्षेत पुढे सरकलेला असतो, म्हणून वरची २५ मिनिटे. प्रत्यक्ष समुद्रात भूखंडांचे अडथळे, खोली आणि किनाऱ्याचा आकार यांमुळे भरतीची उंची आणि वेळ ठिकठिकाणी पुष्कळ बदलते, आणि काही किनाऱ्यांवर दिवसातून एकच भरती येते, हेही मुलांना सांगून ठेवावे.

प्रतिसाद ९ : प्रयोगशाळेत काम करणारा वाचक

दाबाबद्दल थोडक्यात लिहितो. नळीने पेय ओढताना आपण द्रव ‘ओढतो’, असे सर्वांना वाटते. तसे असते, तर कितीही उंच नळीतून पाणी ओढता आले असते. पण पृथ्वीवर समुद्रसपाटीला कोणत्याही शोषक पंपाने पाणी सुमारे १०.३ मीटरच्या वर चढत नाही, पंप कितीही उत्तम असला तरी. टोरिचेली यांनी १६४३ मध्ये पाण्याऐवजी पारा घेऊन दाखवले, की वातावरणाचा दाब नळीतील पारा सुमारे ७६ सेंटीमीटरपर्यंत तोलून धरतो. पारा पाण्यापेक्षा १३.६ पट घन आहे, आणि ७६ ला १३.६ ने गुणले, की १०.३ मीटरच येतात. पुढे १६४८ मध्ये पास्कल यांच्या सूचनेवरून त्यांचे मेहुणे पेरिए यांनी हीच नळी फ्रान्समधील प्युई द डोम या डोंगरावर नेली, तेव्हा माथ्यावर पाऱ्याची उंची सुमारे ८ सेंटीमीटरने कमी भरली. वरून हवा कमी, म्हणून दाब कमी. हाच धागा पकडून उंच पर्वतावर पाणी कमी तापमानाला का उकळते, याकडे जाता येते. एव्हरेस्टच्या माथ्यावर ते सुमारे ७० अंश सेल्सिअसलाच उकळते.

प्रतिसाद १० : एक पालक

आता पटते आहे. पण विषय इतके आहेत, की उजळणी कोठून सुरू करावी हेच कळत नाही. पुस्तकातील धड्यांच्या क्रमानेच जावे का?

धागाकर्ता

सर्वांचे आभार. प्रतिसाद १० मधील प्रश्नाला माझे उत्तर असे, की पुस्तकाचा क्रम सोडून घनतेपासून सुरुवात करावी. हा धडा मुलांना कंटाळवाणा वाटतो, कारण त्यात वस्तुमानाला आकारमानाने भागण्याची उदाहरणे तेवढी असतात. पण वरच्या प्रतिसादांतील अर्ध्याअधिक गोष्टी त्यावर उभ्या आहेत. बर्फाची घनता घनसेंटिमीटरला सुमारे ०.९२ ग्रॅम, म्हणून तो पाण्यावर तरंगतो. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत घन असते, म्हणून थंड प्रदेशातील तळे वरून गोठते आणि तळाशी द्रव पाणी उरते. तापलेली हवा प्रसरण पावून कमी घन होते आणि वर जाते. दुपारी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, म्हणून समुद्राकडून जमिनीकडे वारा येतो आणि रात्री तो उलटतो. ‘गरम हवा वर जाते’ एवढे पाठ असलेल्या मुलाला ‘तिला वर कोण ढकलते?’ असे विचारावे. भोवतालची अधिक घन हवा खाली येऊन तिला वर सारते, हे उत्तर दाबाच्या धड्याशी जोडले जाते.

भूपट्टांपर्यंतही हीच वाट जाते. भूखंडांच्या कवचाची घनता सुमारे २.७, सागरी कवचाची सुमारे ३.० आणि त्याखालील प्रावरणाची सुमारे ३.३ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर आहे. सागरी भूपट्ट पर्वतरांगेपासून दूर जाताना थंड आणि अधिक घन होत जातो, आणि अखेरीस स्वतःच्या भाराने प्रावरणात खाली जातो. भूपट्टांना चालवणाऱ्या बळांमध्ये या खेचण्याचा वाटा मोठा मानला जातो. समुद्रतळ जवळजवळ सर्वत्र २० कोटी वर्षांपेक्षा तरुण आहे आणि भूखंडांवर मात्र ४०० कोटी वर्षांपूर्वीचे खडक सापडतात, याचे कारणही घनतेतील या फरकात आहे: भूखंड हलके असल्याने वरच राहतात, सागरी तळ परत खाली जातो.

म्हणून घनता, मग दाब, मग उष्णता आणि अभिसरण, मग वारे आणि शेवटी भूपट्ट, असा क्रम मी घेईन. वस्तुमान, वजन आणि मुक्त पतन यांच्या पाठोपाठ भरती-ओहोटी घ्यावी, कारण तिला गुरुत्वाकर्षण आधी समजलेले असावे लागते. ऋतू आणि चंद्रकला केव्हाही घेता येतात. त्यांना दोन चेंडू, एक दिवा आणि कोनांची थोडी ओळख एवढेच लागते.